संजयाने कुठल्या कानाने ऐकलं?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७२ ते ७६.

गीता संपत आली आहे. सांगायचं ते सगळं सांगून झालंय. ७२व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला दोन गोष्टी विचारतात: एकाग्र मनाने ऐकलंस का, आणि मोह गेला का? अर्जुन उत्तर देतो आणि मग संजय बोलायला लागतो. ७५व्या श्लोकात तो जे सांगतो ते आपण पारायणाच्या ओघात सहज ओलांडून जातो. हे ऐकणं मला व्यासांच्या कृपेने मिळालं, असं तो सांगतो. आणि त्याच श्लोकात असंही सांगतो की ते साक्षात कृष्णाकडूनच ऐकलं.

जरा थांबून बघा. रथावर दोघांमध्ये चाललेलं बोलणं संजयाला नुसत्या स्वतःच्या कानांनी ऐकू येण्यासारखं नव्हतं. ऐकण्याची सोय दुसऱ्या कुणीतरी करून दिली. मध्ये एक माध्यम आहे, आणि तरीही 'साक्षात' म्हणताना तो अडखळत नाही.

गेलं वर्षभर मी या श्लोकापाशी परत परत येतोय, कारण आमच्या नात्यात हाच प्रश्न फार जवळून आलाय.

माझ्या मावसबहिणीची मुलगी आता चार वर्षांची आहे. तिचे दोन्ही बाहेरचे कान जन्मतःच नीट घडलेले नाहीत, आणि कानाची नळी दोन्हीकडे बंद आहे. डॉक्टरी भाषेत मायक्रोशिया आणि अट्रेसिया. जन्मानंतर बेरा नावाची तपासणी झाली तेव्हा कळलं की आतला कान चांगला आहे. गोगलगायीच्या शंखासारखा कोक्लिआ, त्याच्यापुढची नस, सगळं शाबूत. घर आहे, दार नाही. अशा वेळी ऐकण्यात साधारण ६० डेसिबलपर्यंत तूट येऊ शकते, आणि आपलं रोजचं घरातलं बोलणं असतंच साधारण ६० डेसिबलचं. म्हणजे आई समोर बसून जे बोलते, ते जवळपास सगळं उंबऱ्याबाहेर राहतं.

त्यावर उपाय म्हणून ती डोक्याला एक मऊ पट्टा लावते. सॉफ्टबँड म्हणतात. त्यावर एक छोटंसं यंत्र असतं. ते बाहेरचा आवाज घेतं, त्याचं कंपन करतं, आणि ते कंपन कवटीच्या हाडातून सरळ कोक्लिआपर्यंत जातं. तुमच्यातले काही जण पळायला जाताना कान मोकळे ठेवणारे हेडफोन वापरत असतील, त्यांचं तत्त्व हेच. पुढची पायरी इम्प्लांटची. कानामागच्या हाडात तीन-चार मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा आणि यंत्र त्याला जोडायचं. मध्ये त्वचा आणि केस न आल्यामुळे आवाज जास्त स्पष्ट पोचतो, विशेषतः 'स', 'श' यांच्यासारखे वरच्या पट्टीतले.

या पुढच्या पायरीची घरात चर्चा सुरू झाली, तेव्हा ताईच्या सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू इंजिनिअर आहेस, गीताही रोज वाचतोस. मग तूच सांग. देवाने जो कान दिला नाही, तो आपण पोरीच्या डोक्याला भोक पाडून द्यायचा, हे बरोबर आहे का रे?"

काकू निवृत्त शिक्षिका आहेत. अडाणीपणाने बोलत नव्हत्या, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. म्हणून आज ते नीट मांडून बघतो.

आधी हाडाचं ऐकणं समजून घेऊ. आत्ता जिथे बसला आहात तिथे दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करा आणि ओठ मिटून 'म्' असा गुंजार करा. भ्रामरी करणाऱ्यांना हे माहीत आहे. बाहेरचं जग दूर जातं आणि स्वतःचा आवाज उलट मोठा होतो. तो हवेतून येत नाहीये. घशातलं कंपन जबड्यातून, कवटीतून आत पोचतंय. रोज आपण स्वतःचा आवाज अर्धा हवेतून आणि अर्धा हाडातून ऐकत असतो. म्हणूनच रेकॉर्ड केलेला आपला आवाज आपल्याला परका वाटतो, त्यात हाडाचा वाटा नसतो.

हवेतून येणारा आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, पुढे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा नावांची तीन इवलीशी हाडं तो कोक्लिआच्या दाराशी नेतात. हाडाचा रस्ता पडदा आणि नळी यांना वळसा घालून थेट आत जातो. गंमत पुढे आहे. गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये एक प्रयोग केला. एकाच पट्टीचा स्वर त्याने हवेतून दिला आणि हाडातूनही दिला, आणि दोन्हींचं प्रमाण आणि वेळ असे जुळवले की दोन्ही मिळून आवाज नाहीसा झाला. लाटेवर उलटी लाट. दोन रस्त्यांनी आलेले स्वर एकमेकांना पुसू शकतात याचा अर्थ कोक्लिआच्या आत दोन्हींनी एकच हालचाल घडते. कानाच्या आतल्या कामाबद्दल बेकेशीला १९६१ मध्ये नोबेल मिळालं.

आपल्या भाषेत सांगायचं तर रिसीव्हरला राउट दिसत नाही. पॅकेट पोचलं की पोचलं. कोक्लिआ आवाजाला विचारत नाही की तू कुठल्या दाराने आलास.

आणखी एक. गर्भात बाळाच्या मधल्या कानात हवा नसते, द्रव असतो. मेंढीच्या गर्भावर झालेल्या प्रयोगांत दिसलं की तिथे आवाज मुख्यतः कवटीच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोचतो. माणसाच्या बाळाचंही असंच असावं असं मानलं जातं. अभिमन्यूची गोष्ट सांगताना आपण 'सुभद्रेच्या पोटात ऐकलं' एवढंच म्हणतो. पण आईचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तुमच्या माझ्याही कानात बहुधा हवा नव्हतीच.

म्हणून काकूंच्या प्रश्नाचा पहिला भाग मला असा दिसतो: हाडाची वाट इंजिनिअरने बांधलेली नाही. ती शरीरात आधीपासून होती. सोळाव्या शतकात इटलीतल्या कार्दानोने लिहून ठेवलंय की दातात धरलेल्या दांड्यातून आवाज कळतो. १८५५ मध्ये रिने नावाच्या जर्मन डॉक्टरने याच दोन वाटांची तुलना करणारी ट्यूनिंग फोर्कची तपासणी सांगितली, ती आजही कानाचे डॉक्टर वापरतात. नवीन काय असेल तर ते टायटॅनियम. आणि त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा संशोधक १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून रक्तप्रवाह बघत होता. काम झाल्यावर नळी काढायला गेला, तर निघेना. हाड तिला घट्ट चिकटून वाढलं होतं, मध्ये कसलाही पडदा न ठेवता. त्यातून आधी दातांचे इम्प्लांट आले. मग १९७७ मध्ये गोथेनबर्गला अँडर्स ट्येलस्ट्रोम या कानाच्या सर्जनने पहिल्या तीन रुग्णांच्या कानामागे तसे स्क्रू बसवले. त्यावर लावायचं कंपन करणारं यंत्र त्याच शहरातल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी घडवलं.

शरीर परक्या वस्तूला सहसा बाहेर ढकलतं. इथे हाडानेच जागा करून दिली. याला 'देवाच्या कामात ढवळाढवळ' म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पण प्रारब्धाचं काय? याच अठराव्या अध्यायात, १४व्या श्लोकात, कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं सांगितलंय: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. दैव आहेच. ते नाकारायचं नाही. पण ते पाचातलं एक आहे, आणि यादीत शेवटी आहे. करण म्हणजे साधन. चेष्टा म्हणजे प्रयत्न. साधन हाताशी असताना आणि प्रयत्न शक्य असताना पहिली चार कारणं बाजूला सारून फक्त पाचव्याकडे बोट दाखवणं हे मला शरणागती वाटत नाही. प्रारब्ध हा शब्द परंपरेने आपल्याला स्वतःचं दुःख पचवायला दिलाय. तोच दुसऱ्याच्या दुःखावर ठेवला, की हात न उचलण्याची सबब होते.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. आणि वर एक गोष्ट दाखवून दिली. रात्री झोपताना पोरीचा पट्टा काढून ठेवतात. तेव्हा काकू तिला मांडीवर घेतात, तिच्या डोक्यावर आपली हनुवटी टेकवतात आणि हरिपाठ म्हणतात. पट्टा नाही, तरी पोर शांत होते, ताल धरते. मी म्हणालो, "काकू, तुम्ही रोज रात्री हेच करताय. तुमच्या जबड्यातून तिच्या कवटीत. यंत्र तुमचीच नक्कल करतंय."

काकू हसल्या. मग म्हणाल्या, "करते की. पण मी भोक पाडत नाही."

थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "माझ्या मोतीबिंदूची लेन्स मी बसवून घेतली, तेव्हा मी ठरवलं. तिच्या डोक्याचं तुम्ही ठरवताय."

इथे मात्र माझं कौशल्य संपलं. कारण हा प्रारब्धाचा प्रश्न नाहीच. दुसऱ्याच्या शरीराबद्दल, त्याला बोलता येण्याआधी, आपण कुठपर्यंत ठरवायचं, हा प्रश्न आहे. देवाचं नाव मध्ये न घेताही तो तेवढाच खरा आहे. आणि 'आम्ही तिचे आईबाप आहोत, आम्हाला कळतं' हे उत्तर पुरेसं नाही. जगात कितीतरी मोठे झालेले कर्णबधिर लोक सांगतात की आम्हाला दुरुस्त करायच्या घाईत आम्ही कसे आहोत हे कुणी पाहिलंच नाही.

पण 'तिला मोठं होऊ दे, मग ती ठरवेल' हे तरी पूर्ण खरं कुठे आहे? भाषा वाट बघत नाही. पहिल्या काही वर्षांत मेंदू ज्या सहजतेने भाषा घेतो, ती सहजता पुढे उरत नाही. पाच-सहा वर्षं काहीच केलं नाही, तर ठरवायला लागणारे शब्दच तिच्याकडे नसतील. काही न करणं हाही तिच्यासाठी घेतलेला निर्णयच असतो, फक्त त्यावर कुणाची सही दिसत नाही.

मग मी इंजिनिअरसारखा विचार केला. दोन गोष्टी आपण एकत्र बांधून टाकल्या आहेत, त्या सोडवून बघू. एक, ऐकायला मिळणं. दोन, हाडात स्क्रू बसवणं. पहिलं थांबू शकत नाही. दुसरं थांबू शकतं. पट्टा तान्ह्या बाळालाही लावता येतो, नको तेव्हा काढता येतो, आणि मागे काही खूण राहत नाही. स्क्रूसाठी तर कवटीचं हाड पुरेसं जाड व्हावं लागतं. अमेरिकेत बाहा नावाच्या इम्प्लांटला पाच वर्षांच्या पुढेच परवानगी आहे. आणि स्क्रूबरोबर जबाबदाऱ्याही येतात. त्वचेतून बाहेर येणारा खुंट असेल तर त्याच्याभोवती रोज स्वच्छता ठेवावी लागते, नाहीतर त्वचा लाल होते, चिघळते. त्वचेखाली राहणारे नवे प्रकार आहेत, त्यांत लोहचुंबक असतं, त्यामुळे एमआरआय काढताना विचार करावा लागतो. खर्च लाखांत.

यातून मला एक साधा नियम सुचला, आणि तो फक्त या एका मुलीपुरता नसावा असं वाटतं. ज्या गोष्टीला उशीर केला तर दुसऱ्याचं भरून न येणारं नुकसान होतं, ती त्याच्या वतीने आपण करायची. ज्या गोष्टीला उशीर परवडतो, ती त्याच्यासाठी राखून ठेवायची. पहिल्यात कचरणं हा भित्रेपणा, दुसऱ्यात घाई करणं ही मालकी. मुलं आपली आहेत, मालकीची नाहीत.

ताई आणि भाऊजींनी तूर्त तसंच ठरवलंय. पट्टा रोज. शस्त्रक्रियेची घाई नाही. सात-आठ वर्षांची झाली की चित्रं दाखवून, स्क्रू हातात देऊन, तिला विचारायचं. तिचं म्हणणं हेच शेवटचं असेल असं नाही, पण ते ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता तुमच्यातले काही जण विचारतील, आणि गेल्या महिन्यात एकाने विचारलंही होतं, की ज्यांना हा रस्ताही नाही त्यांचं काय? प्रश्न योग्य आहे. हाडाची वाट कोक्लिआच्या दाराशी संपते. कोक्लिआच काम करत नसेल, तर कवटी कितीही हलवून उपयोग नाही. काहींना कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग होतो, तो थेट नसेला विजेचे संकेत देतो. नसच नसेल, तर तेही नाही. आणि काहींना यातलं काही नकोच असतं, त्यांची भाषा हातांची असते, आणि ती पूर्ण भाषा असते.

मग श्रवणभक्तीचं काय? भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद नऊ भक्ती सांगतो, त्यात श्रवण पहिली. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समासही श्रवणभक्तीचाच. मग जो ऐकूच शकत नाही त्याला पहिलीच पायरी बंद? मला तसं वाटत नाही. परंपरेने नऊ भक्तींना एकेक नाव जोडलंय, श्रवणाला परीक्षिताचं, स्मरणाला प्रल्हादाचं, आणि यातली कुठलीही एक पुरते असं सांगितलंय. नऊ दारं एका घराची आहेत. पोरीला ऐकू यावं म्हणून आपण धडपडायचं, पण ऐकू आलं तरच ती पूर्ण, असं तिला एका क्षणासाठीही वाटू द्यायचं नाही. या दोन गोष्टी एकत्र धरणं कठीण आहे. हातातलं यंत्र बघितलं की पहिलीच डोक्यात राहते.

तिचं तिलाच हे कळतं बहुतेक. आरतीला झांजा सुरू झाल्या की ती पट्टा काढून आईच्या हातात देते आणि हात जोडून नुसती बघत उभी राहते. समई, हलणारं तबक, सगळ्यांचे उघडझाप करणारे ओठ. त्या पाच मिनिटांत तिच्यापर्यंत आवाज फारसा पोचत नसेल. पण आमच्यातला एक जण आरती म्हणता म्हणता खिशातला फोन बघतो, त्याच्यापेक्षा ती जास्त हजर असते.

म्हणून परत आजच्या श्लोकांकडे. गीता ऐकणारे तिघे आहेत. अर्जुन समोर बसून ऐकतो. संजय दुसऱ्याने दिलेल्या शक्तीने ऐकतो. धृतराष्ट्र संजयाच्या तोंडून ऐकतो. धृतराष्ट्राला दृष्टी नव्हती, कान अगदी ठणठणीत होते. सातशे श्लोक त्याच्या कानांवरून गेले. गीतेत त्याचा स्वतःचा एकच श्लोक आहे, पहिला, आणि त्यात तो 'माझे' आणि 'पांडूचे' अशी वाटणी करतो. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एक शब्दही काढल्याचं गीतेत नाही. पुढचं महाभारत आपल्याला माहीत आहे, तो बदलला नाही. ज्याचं ऐकणं उसनं होतं, तो संजय मात्र ७६व्या श्लोकात तो संवाद आठवून आठवून पुन्हा पुन्हा हरखतोय.

भगवंतांनी अर्जुनाला 'नीट ऐकू आलं का' असं विचारलेलं नाही. एकाग्र मनाने ऐकलंस का, असं विचारलंय. आवाज कोक्लिआपर्यंत आणणं हे स्क्रूचं, पट्ट्याचं, पडद्याचं, नाहीतर व्यासांच्या कृपेचं काम. त्यापुढचं काम कुठलंही इम्प्लांट करत नाही, आणि ज्याचे कान ठणठणीत आहेत त्यालाही ते आयतं मिळत नाही.

आजच्यासाठी एवढंच करू. घरात जो माणूस तुमच्याशी सगळ्यात जास्त बोलतो, आणि म्हणूनच ज्याचं तुम्ही सगळ्यात कमी ऐकता, त्याचं एक वाक्य आज पूर्ण ऐका. स्क्रीनकडे न बघता, उत्तर तयार न करता. कुणाचं ऐकलंत ते मला कळवलं नाही तरी चालेल.

उद्या ७७ आणि ७८, म्हणजे गीतेचा समारोप.

रामकृष्ण हरी.